वाळवंटातला पाहुणचार

बालमित्रांनो, तुमच्या घरी पाहुणे आले की तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? बरोब्बर! पाण्याचा तांब्या पुढे करता. आधी पाणी, मग चहा, मग गप्पा. आपल्याकडची ही रीतच आहे. पण समजा, तुमचं घर वाळवंटात आहे आणि पाहुणे एकदोन नव्हेत, चांगले चौघंजण दहा दिवस मुक्कामाला येणार आहेत. मग काय कराल?

ही गोष्टीतली कल्पना नाही बरं का! २०२४च्या डिसेंबरात आमच्या घरी हे खरोखरच घडलं. तशी मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या घरचे 'हे' पवनचक्क्यांची देखभाल करतात. आधी ते पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर होते. मग त्यांना राजस्थानात, जैसलमेरला पाठवण्यात आलं. मी तीन महिन्यांची रजा काढली आणि तो हिवाळा थरच्या वाळवंटात काढला. निघताना माझ्या चौथीच्या मुलांनी प्रश्नांची एक यादीच माझ्या हातात ठेवली होती. 'बाई, तिथे नुसती वाळूच असते का?' 'उंटाच्या पाठीवर पाणी असतं का?' 'तिथली माणसं अंघोळ करतात का?'

शेवटचा प्रश्न वाचून मी हसले होते. पण खरं सांगू? सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तोच होता!

वाळू कुठाय?

नकाशा उघडा पाहू. भारताच्या पश्चिम टोकाला, पाकिस्तानच्या सीमेजवळ जैसलमेर सापडेल. थरचं वाळवंट दोन लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्याचा बराच मोठा भाग राजस्थानात येतो. जैसलमेरला वर्षभरात साधारण वीस सेंटिमीटर पाऊस पडतो, कधी त्याहूनही कमी. आपल्या महाबळेश्वरला पावसाळ्यात कधी कधी एका दिवसात याहून जास्त पाऊस पडतो. आता करा तुलना!

नाताळच्या सुट्टीत आमचे पाहुणे आले. सासूबाई, वन्सं आणि त्यांची दोन मुलं. भाचा सातवीत, भाची चौथीत, दोघंही ठाण्याला शिकणारी. जोधपूर, फलोदी, पोखरण करत त्यांची गाडी जैसलमेरला पोचली. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच भाच्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तोंड वाकडं करून विचारलं, "मामी, वाळू कुठाय?"

चित्रातलं वाळवंट म्हणजे सोनेरी टेकड्या आणि त्यावरून चाललेली उंटांची रांग. पण जैसलमेरच्या आसपास जमीन खडकाळ आहे. पिवळे दगड, काटेरी झुडपं, मधूनच एखादं खेजडीचं झाड. खेजडी म्हणजे कोण ठाऊक आहे? आपली शमी! दसऱ्याला जिची पूजा होते तीच. तिच्या शेंगांना तिथे सांगरी म्हणतात. त्या वाळवून ठेवतात आणि केर नावाच्या फळांबरोबर त्यांची भाजी करतात. वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या पाहायच्या तर चाळीस किलोमीटरवरच्या सम गावाकडे जावं लागतं.

दुसरी फजिती थंडीची. वाळवंट म्हणजे गरम, असं समजून वन्संनी मुलांचे सुती कपडे आणि टोप्या आणल्या होत्या. स्वेटर एकेकच! दुपारी ऊन छान उबदार असायचं. पण सूर्य मावळला, की तासाभरात दात वाजायला लागायचे. असं का होतं? तिथली हवा कोरडी असते आणि आकाशात ढग नसतात. ढग आणि हवेतली वाफ जमिनीला पांघरुणासारखी उबेत ठेवतात. हे पांघरूणच नसलं, की दिवसभर तापलेल्या वाळूची आणि खडकाची उष्णता भराभर आकाशात निघून जाते. शेजारच्या भाभीसा चार जाडजूड रजया घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे तुमचे एकट्याचे थोडेच आहेत, गल्लीचे आहेत!"

दर माणशी किती?

आता खरी गोष्ट. आमच्या घराला नळाचं पाणी चार दिवसांनी एकदा यायचं. गच्चीवर एक हजार लिटरची टाकी होती. आम्ही दोघं होतो तोवर ती पुरून उरायची. आता माणसं झाली सहा. चला, गणित करू या.

१००० भागिले ४ म्हणजे एका दिवसाला २५० लिटर. २५० भागिले ६ म्हणजे माणशी सुमारे ४१ लिटर. यातच पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, भांडी, संडास, सगळं आलं. आपल्या देशात शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असं योजना आखताना धरतात. आमच्या पाहुण्यांच्या वाट्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी येत होतं.

टँकर मागवता येत होता. एकदा मागवलाही. पण ते पाणी मचूळ निघालं. धुण्याला चाललं, डाळ मात्र शिजेना.

म्हणून मी पाहुणे यायच्या आधीच बेत आखला होता. अंघोळीच्या बादल्यांवर अर्ध्या उंचीवर लाल रंगाची रेघ ओढली. पिण्याचं पाणी माठात वेगळं काढलं. अंघोळीच्या जागी मोठी परात ठेवली, म्हणजे तिच्यात साठलेलं पाणी संडासासाठी वापरता येईल. भाभीसांनी भांड्यांची युक्ती शिकवली होती. खरकटी भांडी आधी बारीक वाळूनं कोरडीच घासायची, फडक्यानं पुसायची आणि मग दोन तांबे पाण्यात सगळी विसळायची. लख्ख निघतात!

मुलांना या सगळ्याची गंमत वाटली. पण सासूबाईंनी ती लाल रेघ पाहिली आणि त्या एकदम गप्प झाल्या. संध्याकाळी मी पोळ्या करत होते. त्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, आलेल्या माणसाला पाणी मोजून देतात का कुठं? आपल्यात असं नाही करत."

त्या रागावल्या नव्हत्या. पण त्यांना ते लागलं होतं. मी हिशेब समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी अंघोळच केली नाही. "थंडी आहे," म्हणाल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वन्सं माझ्याकडे बघायच्या, मी वन्संकडे. मुलांनो, सख्खी माणसं हौसेनं एवढ्या लांब यावीत आणि एका बादलीपायी त्यांचं मन दुखावं, यासारखं वाईट काही नसतं. पण टाकीतलं पाणी काही माझ्या मनाप्रमाणे वाढणार नव्हतं.

पिवळा किल्ला आणि पाणी

तिसऱ्या दिवशी आम्ही किल्ला बघायला गेलो. जैसलमेरचा हा किल्ला ११५६ साली रावळ जैसल यांनी बांधायला घेतला. पिवळ्या वालुकाश्माचा असल्यामुळे उन्हात तो सोन्यासारखा चमकतो. सत्यजित राय यांनी १९७४ साली मुलांसाठी 'सोनार केल्ला' हा बंगाली चित्रपट काढला, तो याच किल्ल्यावर. २०१३ साली राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

या किल्ल्याची खासियत म्हणजे त्यात आजही माणसं राहतात. आत घरं आहेत, देवळं आहेत, दुकानं आहेत. पूर्वी बायका गावाबाहेरच्या गडीसर तलावातून घागरीनं पाणी वर नेत. डोक्यावरून आणलेलं पाणी कोण वाया घालवणार? पुढे घराघरांत नळ आले. पाणी वापरणं वाढलं आणि सांडपाणी जमिनीत मुरायला लागलं. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिच्यात मातीचे थर आहेत. ते ओले होऊन सैल पडले, भिंतींना तडे गेले आणि काही बुरूजही ढासळले. शेकडो वर्षं तोफा आणि तलवारी बघितलेल्या किल्ल्याला सांडपाण्यानं जेरीस आणलं! आता तो सावरण्याची कामं चालू असतात.

"म्हणजे पाणी कमी असलं तरी पंचाईत आणि जास्त झालं तरी पंचाईत," भाची म्हणाली. चौथीतल्या मुलीच्या मानानं भलतीच शहाणी आहे ती!

दुसऱ्या दिवशी सम झालं. वाळूवर वाऱ्यानं काढलेल्या लाटा, उंटावरची रपेट, मावळणारा सूर्य. भाच्यानं उंटवाल्याला माझ्या वर्गातला प्रश्न विचारला. तुम्हीही उत्तर लिहून ठेवा. उंटाच्या पाठीवरच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. आणि खूप तहानलेला उंट दहापंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. भाच्यानं लगेच हिशेब केला, "बापरे, म्हणजे आपल्या अडीच माणसांचं दिवसभराचं पाणी!"

पाण्याच्या तीन जाती

ह्यांच्या कामाच्या वाटेवर एक लहानशी वस्ती आहे. तिथं जुन्या बेऱ्या आहेत. त्या पाहायला एक दिवस आम्ही सगळे जीपनं निघालो.

बेरी म्हणजे काय? तिथले लोक पाण्याच्या तीन जाती मानतात. पावसाचं पाणी वाहत येऊन तळ्यात साठतं, ते 'पालर पाणी'. जमिनीच्या पोटात खूप खोल असतं, ते 'पाताळ पाणी'. हे बहुतेक ठिकाणी खारं असतं. आणि या दोहोंच्या मध्ये असतं ते 'रेजाणी पाणी'. काही भागांत वाळूच्या खाली खडियाचा, म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या मातीचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत झिरपतं आणि या थरावर येऊन थांबतं. खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही. ते वाळूच्या कणाकणात ओल होऊन राहतं. वर कितीही ऊन तापलं तरी ही ओल टिकते.

ही ओल गोळा करण्यासाठी खणलेली अरुंद, खोल विहीर म्हणजे बेरी. तिलाच काही ठिकाणी कुंई म्हणतात. वाळूतली ओल थेंबाथेंबानं पाझरून तिच्या तळाशी जमते. दिवसभरात दोनतीन घडे, बस्स! पण पाणी गोड.

ती खणणं महाकठीण. जागा इतकी अरुंद, की नेहमीचं कुदळफावडं चालवता येत नाही. एकच माणूस आत बसून आखूड दांड्याच्या हत्यारानं खणतो. आत उकडतं. मग वरची माणसं मूठ मूठ वाळू जोरानं खाली फेकतात. वाळूबरोबर ताजी हवा आत जाते! वाळू आणि खडे डोक्याला लागू नयेत, म्हणून खणणारा डोक्यावर धातूचं भांडं घालतो.

हे सगळं अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५ साली निघालेल्या हिंदी पुस्तकात फार सुंदर लिहिलं आहे. गंमत म्हणजे मिश्रजींचा जन्म आपल्या वर्ध्याचा! तुमच्या वाचनालयात हे पुस्तक मिळालं तर आईबाबांबरोबर जरूर वाचा.

एक लोटा पाणी

आम्ही बेरीपाशी पोचलो तेव्हा एक म्हाताऱ्या बाई पाणी काढत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि पदर सावरत "खम्मा घणी" म्हणाल्या. खम्मा घणी म्हणजे तिकडचा नमस्कार. आम्ही ओळखीचे ना पाळखीचे. पण त्यांनी लगेच घड्यातून लोटा भरला आणि भाच्यापुढे धरला.

भाच्यानं चार घोट घेतले. उरलेलं पाणी बाजूला ओतायला त्यानं लोटा तिरका केला. सवयच ती! आपण नाही का, अर्धा पेला पिऊन उरलेलं मोरीत ओतत? पण पाणी पडायच्या आत सासूबाईंनी त्याचा हात धरला. लोटा घेतला आणि नातवाचं उष्टं पाणी स्वतः पिऊन टाकलं. एक थेंबही ठेवला नाही.

त्या बाई हसल्या. मग त्यांनी आम्हा प्रत्येकाला एकेक लोटा पाणी दिलं. एकेकच. दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि त्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जराही संकोच नव्हता. उरलेला घडा डोक्यावर घेऊन त्या ताठ मानेनं घराकडे निघाल्या.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये सासूबाई आपण होऊन बोलायला लागल्या. त्यांचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात त्या बारा वर्षांच्या होत्या. घरातले सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची, ती खायची. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायचं. एक घागर भरायला अर्धी रात्र जायची.

"त्या दिवसांत एकदा माझा मामा आला," त्या सांगू लागल्या. "आईनं मला रात्रीच घागर देऊन पाठवलं. मामानं ते पाहिलं. सकाळी तोंडसुद्धा न धुता 'काम आहे' म्हणून तो तसाच निघून गेला. आपण भावाला पाणी देऊ शकलो नाही, म्हणून आई त्या दिवशी जेवली नाही. मी तेव्हाच ठरवलं, आपल्या घरात आलेल्या माणसासमोर पाणी कधी मोजायचं नाही."

जीपमध्ये कुणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, "पण आज त्या म्हातारीला बघितलं. तिनं मोजूनच दिलं की! पण दिलं. आणि लाजली नाही. माझ्या आईनं मामाला अर्धा तांब्या दिला असता आणि 'दादा, एवढंच आहे' म्हटलं असतं, तर तो थांबला असता गं."

घरी आल्यावर त्यांनी लाल रेघेची बादली भरून घेतली आणि पाच दिवसांनी मनसोक्त अंघोळ केली. मनसोक्त, पण रेघेच्या आतच! दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. माझ्यापेक्षा कडक! भाच्याला दात घासायला एक पेला, वन्संना केस धुवायला आठवड्यातून एक दिवस. भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला. पाणी यायच्या दिवशी टाकीत पाहिलं, तर जवळजवळ शंभर लिटर शिल्लक होतं. ते आम्ही काय केलं? भाभीसांकडे लग्नाची माणसं आली होती, त्यांना दिलं. त्यांचे पाहुणेही गल्लीचेच ना!

हिमालय ओलांडून आलेले पाहुणे

निघायच्या दिवशी पाहुण्यांना आम्ही फलोदीला गाडीत बसवून दिलं. त्याला एक खास कारण होतं. फलोदीजवळ खिचन नावाचं गाव आहे. तिथे दर हिवाळ्यात हजारो कुरजां येतात. कुरजां हे करकोच्यांच्या कुळातले सर्वांत लहान पक्षी. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यांमागे पांढऱ्या पिसांचा झुपका. मंगोलिया आणि मध्य आशियातून, थेट हिमालय ओलांडून ते इथे येतात. फेब्रुवारीमार्चपर्यंत राहतात आणि परत जातात.

१९७०च्या दशकात गावातल्या एका पतीपत्नीनं या पक्ष्यांना दाणे घालायला सुरुवात केली. आधी थोडे पक्षी यायचे, मग वाढत वाढत हजारांवर गेले. आता सगळ्या गावानं ते काम आपलं मानलं आहे. पक्ष्यांना निवांत खाता यावं म्हणून कुंपण घातलेलं 'चुग्गाघर' आहे. धान्य ठरलेल्या वेळी, मोजून, पण रोज घालतात. जून २०२५ मध्ये खिचनच्या पाणथळ जागेला 'रामसर' या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळालं.

आम्ही सकाळी पोचलो तेव्हा आकाश पक्ष्यांनी भरून गेलं होतं. एक थवा उतरला, की दुसरा उठायचा. एवढा कलकलाट, की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. भाची माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मामी, यांचे दर माणशी किती दाणे?"

आता तुमची पाळी

वाळवंटातली माणसं गरीब जमिनीवर राहतात, पण दारात आलेल्याला रिकामा पाठवत नाहीत. त्यांचं गुपित सोपं आहे. जे आहे ते त्यांना नेमकं माहीत असतं. म्हणून त्यातून काढून देताना त्यांचा हात कापत नाही. मोजणं म्हणजे कंजूषपणा नव्हे. मोजतो, त्यालाच पुढच्या माणसासाठी काही राखून ठेवता येतं.

तेव्हा मुलांनो, पुढच्या सुट्टीत तुमच्या घरी पाहुणे आले, की एक प्रयोग करा. तुमच्या टाकीत किती लिटर पाणी मावतं आणि ते किती दिवस पुरतं, हे आईबाबांना विचारा. त्याला दिवसांनी भागा, मग घरातल्या माणसांनी भागा. पाहुण्यांनाही धरा बरं का! आलेला आकडा आमच्या ४१शी ताडून पाहा. आणि पाहुण्यांना पाणी देताना पेला छोटा घ्या. संपला तर हसून पुन्हा भरा. पण अर्धा पेला मोरीत ओतायची वेळ कुणावरच येऊ देऊ नका.